युफोनियमचा ब्रेस सुटलाय: ॲराल्डाइट लावू की डाख देऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडच्या एका दादांचं युफोनियम आहे, म्हणजे बँडमधलं ते मोठं पितळी फुंकवाद्य, घरचाच बँड आहे, ऐन लग्नसराई चालू आहे आणि परवाच वरात आहे. बेलला, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाला, बाजूच्या नळीशी धरून ठेवणारी आडवी छोटी दांडी, म्हणजे ब्रेस, एका टोकाला सुटलाय आणि बेलच्या काठाला नखाएवढी चीर पडलीय. मावसभाऊ ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे, तो म्हणतो अरे आजकाल विमानं गोंदाने चिकटवतात, तू ॲराल्डाइट लाव नि मोकळा हो. भांडी बाजारातले एक काका म्हणाले डाख देऊन देतो, म्हणजे सोल्डर करून जोडून देतो, पण चकाकी जाईल. तर दादांनी विचारलंय कुणाचं ऐकू.

दादा, ब्रेसला डाखच द्या. चिरेचं काम पण डाखानेच होईल पण जरा वेगळ्या रीतीने, ते खाली सांगतो. पण काकांच्या हातात वाद्य द्यायच्या आधी कुठला डाख आणि किती आच हे बोलून घ्या, कारण चुकीचा डाख हा गोंदापेक्षा जास्त नुकसान करू शकतो आणि हे फार लोकांना माहीत नसतं.

आधी मावसभावाचं बघू, कारण त्याचं म्हणणं खोटं अजिबात नाही. विमानात धातूला धातू चिकटवतात हे खरंय आणि ते काही आजचं पण नाही, इंग्लंडमध्ये १९४१ साली डी ब्रुइन या संशोधकांनी रेडक्स नावाचा गोंद काढला तेव्हापासून ते चालू आहे. पण तिथे काय करतात ते बघा ना. ॲल्युमिनियमचा पत्रा रसायनात धुतात, ॲनोडाइज करतात म्हणजे विजेने त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढवतात, मग गोंदाची फिल्म ठेवून दाबाखाली आणि गरम करून पकवतात, आणि मुख्य म्हणजे सांधाच असा आखलेला असतो की रुंद पत्र्यावर पत्रा बसेल आणि जोर येईल तो सरकवणारा येईल. गोंदाला सरकवणारा जोर चालतो, उचकटणारा चालत नाही. सेलोटेप एका टोकाने उचलली की सहज निघते, तीच सपाट ठेवून ओढली तर तुटेल पण निघणार नाही. आता तुमच्या ब्रेसचा पाय केवढा, बोटाच्या नखाएवढा, गोल नळीवर टेकलेला, आणि त्याच्यावर येणारा प्रत्येक धक्का उचकटणारा. वाद्य टेम्पोत ठेवताना दणका बसला, वाजवणाऱ्याने बेलला धरून उचललं, की कडेपासून गोंद सुटायला लागतो. म्हणजे मावसभावाचा गोंद खरा आहे पण त्याचा सांधा तुमच्याकडे नाहीये.

दुसरी गोष्ट उन्हाची. साधं दोन ट्यूबवालं एपॉक्सी, म्हणजे ॲराल्डाइटसारखा गोंद, घरी पकवलेलं असतं, ते साठेक अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. एप्रिल-मे मध्ये नाशिकला पारा चाळिशीला टेकतो, त्यात पितळी वाद्य दुपारी दोन वाजता उघड्या टेम्पोत किंवा बंद गाडीच्या डिकीत पडलेलं असतं, हात लावून बघा, धरवत नाही. वरात दुपारची, सांधा सुटणार वरातीतच. साध्या सहाला चार सोल्डरमध्ये कथील साठ टक्के आणि शिसं चाळीस टक्के असतं, ते १८३ अंशांना मऊ व्हायला लागतं नि १९० च्या आसपास पूर्ण पाणी होतं, म्हणजे उन्हाचा त्याला काही फरक पडत नाही. आणि पितळ वितळतं ९०० च्या वर, त्यामुळे सोल्डर वाहतं तेव्हा पितळेला काहीच होत नाही. हे जे मधलं अंतर आहे ना, त्याच्यावरच ही सगळी वाद्यं उभी आहेत. कारखान्यातनं येतानाच ट्रम्पेट काय युफोनियम काय, त्यांचे बरेचसे सांधे अशा नरम सोल्डरने जोडलेले असतात, आणि ते मुद्दाम नरम ठेवलेले असतात, म्हणजे उद्या पोचा काढायचा झाला तर नळी सुटी करता येते, सरळ करता येते आणि परत जागेवर बसवता येते.

आता माझा खरा मुद्दा. लोक विचारतात की गोंद किती मजबूत, आणि मजबुतीवरच वाद घालत बसतात. मला त्या वादात रस नाही, नवा ताजा एपॉक्सीचा सांधा चांगला साफ केलेल्या पितळेवर बऱ्यापैकी धरतो, मान्य. माझा जीव तुटतो तो पुढच्या दुरुस्तीसाठी. सोल्डर पितळेला धरतं ते असं की कथील आणि तांबं एकमेकांत शिरून मध्ये मिश्र धातूचा एक पातळ थर तयार होतो. त्यासाठी धातू उघडा पाहिजे, पूर्ण उघडा. एकदा का तिथे एपॉक्सी बसलं की ते पितळेच्या ओरखड्यांत, चिरेत, ब्रेसच्या पायाखाली सगळीकडे शिरतं, आणि ज्या दिवशी ते सुटेल त्या दिवशी तिथे सोल्डर धरतच नाही, गोळ्या होऊन घरंगळतं. मग ते काढायचं कसं, आच देऊन जाळायचं म्हणजे घाणेरडा धूर आणि काळा थर, नाहीतर खरडायचं आणि घासायचं. आणि घासायला आहे किती हो तिथे, या नळ्यांची भिंत अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असते. दोनदा कुणी मन लावून घासलं की भिंत कागदासारखी होते, मग बोटाने दाबली तरी पोचा. माझ्याकडे येणारी जी वाद्यं मला परत पाठवावी लागतात ना त्यातली बरीचशी अशीच असतात, मूळ बिघाड बारीक होता, त्याच्यावर कुणी ॲराल्डाइट, त्याच्यावर कुणी एम-सील, त्याच्यावर सोनेरी स्प्रे. फेविक्विकचं तर बोलूच नका, ते दणक्याला काचेसारखं तडकतं.

आता तुमचा ब्रेस सुटला का, हे आधी शोधा. चांगला दिलेला सांधा आपोआप क्वचितच सुटतो. सुटलेलं टोक हाताने न ओढता बघा, त्याच्या जागेवर ते स्वतःहून टेकतंय का. टेकत नसेल, मध्ये दोन मिलीमीटरची फट दिसत असेल आणि दाबल्यावरच टेकत असेल, तर समजा की कधीतरी बेल वाकलीय, वाद्य पडलंय किंवा कुणीतरी बसलंय त्याच्यावर, आणि तो ताण तो बिचारा ब्रेस इतके दिवस सांभाळत होता. अशा वेळी दाबून धरून डाख दिला तर तोही जाणार. नरम सोल्डर सततच्या ताणाखाली साध्या हवेतल्या तापमानाला पण हळूहळू सरकत राहतं, आज घट्ट दिसतं आणि दिवाळीपर्यंत सुटतं. म्हणून आधी बेल सरळ करायची, ब्रेस त्याच्या जागी बिनताणाचा नुसता टेकला पाहिजे, मग आच. माझं तर म्हणणं आहे की ब्रेसच्या कामात अर्धा वेळ हे बसवण्यातच गेला पाहिजे, डाख द्यायला दोन मिनिटं लागतात.

काकांबद्दल आता. आपल्याकडच्या तांबट लोकांच्या हाताला तोड नाही, नाशिकची तांब्यापितळेची भांडी उगाच नावाजलेली नाहीत. पण त्यांची सवय भांड्याची. भांडं चुलीवर जातं म्हणून त्याचा सांधा ते टाकणखार टाकून पितळी झाळेने पक्का करतात, लालबुंद करून. तसं युफोनियमला केलं की संपलं. पितळेची नळी आणि बेल कारखान्यात ठोकून, ओढून कडक केलेली असते, त्या कडकपणावर तिचा आकार टिकतो. लाल झाली की ती मऊ पडते आणि परत ठोकल्याशिवाय कडक होत नाही, मग बेल हाताच्या दाबाने पण वाकते. शिवाय शेजारचे सगळे नरम सांधे त्या आचेने सुटून पडतील ते वेगळंच. म्हणून काकांना स्पष्ट सांगा की काका, कथलाचा डाख हवाय, पितळी झाळ नको, आणि मोठा ब्लोलॅम्प नको, छोटा गॅस टॉर्च घ्या.

आणि मग काम कसं व्हावं ते सांगतो, तुम्ही शेजारी उभे राहा, काका ऐकतील. आधी पिस्टन, स्प्रिंगा, फेल्ट, सुट्या होणाऱ्या स्लाइड सगळं काढून बाजूला. पिस्टनच्या कोठीजवळ आच लावायची वेळ आली तर माझं मत नको असंच आहे, पिस्टन आणि कोठीमधली जागा केसापेक्षा बारीक असते, कोठी जराशी जरी वेडीवाकडी झाली तर पिस्टन अडकलाच. मग जुनं सोल्डर गरम करून सुती चिंधीने पुसून घ्यायचं, दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने चमकवायच्या, जेवढा ब्रेसचा पाय तेवढीच जागा, त्याच्या बाहेर नाही. शेजारच्या सांध्यांवर ओल्या चिंध्या गुंडाळायच्या म्हणजे ते सुटणार नाहीत. ब्रेस लोखंडी बारीक तारेने बांधायचा. फ्लक्स लावायचा, म्हणजे धातू साफ ठेवून सोल्डर वाहू देणारं रसायन, आपल्याकडे जस्ताचे तुकडे टाकून मारलेलं ॲसिड वापरतात किंवा नवसागर, दोन्ही चालतं. आच पितळेला द्यायची, सोल्डरला नाही, जरा जाड बाजूला जास्त, ज्योत सतत फिरती. सोल्डरची तार सांध्याच्या कडेला टेकवून बघायची, धातू पुरेसा तापला असेल तर ते स्वतःच आत खेचलं जातं आणि पलीकडच्या कडेला चमकदार रेघ दिसते. ही रेघ दिसली की थांबायचं. सोल्डर बाहेर ढिगाने पडलेलं असणं म्हणजे मजबुती नाही, ताकद ती आतल्या पातळ थरात, फट दशांश मिलीमीटरच्या आसपास असली की उत्तम. गरम असतानाच कडेचं जादाचं पुसून घ्यायचं, पण सांधा थिजत असताना हलवायचा नाही, हलला तर तो खरखरीत दाणेदार होतो आणि आतून तडकलेला असतो. आणि शेवटचं, जे बाजारात नव्वद टक्के लोक करत नाहीत, फ्लक्स धुवायचा. कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून नीट धुवायचा, कोपऱ्यात ब्रशने. ते ॲसिड राहिलं की पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सांध्याभोवती हिरवं फुटायला लागतं.

चकाकी जाईल हे काका बरोबर बोलले. लॅकर, म्हणजे वरचं चकचकीत वार्निश, त्या आचेला जळतं, सांध्याभोवती तपकिरी वर्तुळ राहणार. ते पॉलिश करून वर हाताने पातळ लॅकर मारता येतं पण आधीसारखं एकसंध दिसत नाही. मला विचाराल तर राहू द्या तो डाग. दुरुस्त केलेली जागा दिसली म्हणून काही बिघडत नाही आणि पुढच्या कारागिराला पण कळतं की इथे काम झालंय.

बेलची चीर. इथे नुसतं चिरेत सोल्डर भरलं तर ते धरणार नाही, कारण पत्र्याच्या जाडीएवढीच पकड मिळते आणि बेलचा काठ सारखा कुठेतरी आपटत असतो. चिरेच्या आतल्या टोकाला मिलीमीटरभराचं बारीक भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे पळत नाही, मग मागच्या बाजूने पातळ पितळी पत्र्याचा तुकडा बेलच्या वळणाला तंतोतंत ठोकून घ्यायचा, तुकड्याला आणि बेलला दोन्हीला आधी कल्हई केल्यासारखं पातळ सोल्डर चढवायचं, आणि मग एकावर एक ठेवून आच द्यायची. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा कपड्यात अडकतो नि तिथूनच उचकटतो. चांदीच्या डाखाने चीर सरळ जोडणारे पण आहेत, त्याला सहाशे-सातशे अंश लागतात, ते काम बेल ठोकून परत कडक करणाऱ्या माणसानेच करावं.

आणि चीर पडली का हे पण बघा. दणक्याने पडली असेल तर तिथे पोचा असतोच. पोचा नसताना पितळेला आपोआप चीर गेली असेल तर वाद्य कुठे ठेवता ते तपासा. पितळेत ठोकण्याचा ताण साचलेला असतो आणि त्याला अमोनिया लागला की ते सरळ तडकतं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडेच हे उघडकीला आलं, पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप फुटायची, घोड्याच्या मुताचा अमोनिया हवेत असायचा म्हणून, आणि त्याचा शास्त्रीय उलगडा १९२१ मध्ये झाला. तर गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ किंवा अमोनियावाल्या काच पुसायच्या फवाऱ्याने पुसून वाद्य ठेवू नका. बँडवाल्यांच्या घरी वाद्यं माळ्यावर किंवा मागच्या पडवीत असतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

गोंदाचा मी शत्रू नाही हां. माझ्या टेबलावर रोज गोंद असतो, पण त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सॅक्सोफोन आणि क्लॅरोनेटचे पॅड, म्हणजे किल्ल्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या, बसवायला चपडा, म्हणजे लाखच, आणि तिच्यासारखं दुसरं काही नाही, हलकी आच दिली की मऊ पडते, पॅड सरकवून बरोबर बसवता येतो, दहा वर्षांनी पण निघतो. त्याच जागी लोक ॲराल्डाइट लावतात तेव्हा पॅड काढताना किल्लीची वाटीच खराब होते. सॅक्सच्या मानेचा बूच चिकटवायला रबरी काँटॅक्ट गोंद, फेविकॉल एसआर सारखा. एबोनाइटच्या, म्हणजे कडक काळ्या रबराच्या, क्लॅरोनेटला चीर गेली तर एबोनाइटचीच पूड आणि पातळ फेविक्विक, तिथे सोल्डरचा प्रश्नच येत नाही. ट्रम्पेटच्या पिस्टनवरचे शिंपल्याचे बटण, तिथे एपॉक्सीचा थेंब एकदम योग्य. स्वस्त वाद्यांच्या किल्ल्या कधीकधी जस्ताच्या ओतीव धातूच्या असतात, त्या ३८५ अंशांच्या आसपासच वितळतात आणि सोल्डर पण नीट धरत नाहीत, आच दिली आणि हातात डबकं आलं असं होतं, तिथे मोडक्याला पिन घालून एपॉक्सी हाच मार्ग, नाहीतर पितळेची नवी किल्ली घडवायची. सनईचा खालचा पितळी कर्णा लाकडावर ढिला झाला तर मेण लावलेला दोरा गुंडाळून बसवा, गोंद नको, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं, त्याला हलायला जागा लागते.

आणि हे सगळं झालं फुंकायच्या वाद्यांचं, जिथे आवाज मुख्यतः आतल्या हवेचा असतो, पितळ फक्त त्या हवेला आकार देतं, म्हणून बाहेरून एक तुकडा डाखला तर आवाजाला फरक पडत नाही, हवा गळली तर मात्र लगेच पडतो. पण टाळ, झांज यांच्यात धातूच वाजत असतो. ढोलपथकातली मुलं तडकलेली झांज घेऊन येतात आणि म्हणतात दादा एक टाका मारून द्या. नाही मारता येत रे. ते कासं असतं, तांब्यात वीस-बावीस टक्के कथील, कडक आणि ठिसूळ, त्याच्यावर सोल्डर काय गोंद काय, मऊ पदार्थ लागला की नाद तिथेच मरतो आणि चीर तरी पुढे जातेच. फार तर चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची, किंवा काठाची चीर असेल तर तेवढा भाग गोलसर कापून टाकायचा. पेटीच्या सुरांचं उलटं आहे, तिथे पितळी पातीच्या टोकाला सोल्डरचा कण लावून मुद्दाम सूर उतरवतात, वजन वाढलं की पाती सावकाश हलते. कण म्हणजे कणच, आणि तो कमी-जास्त करता येतो हीच त्याची सोय.

शिशाबद्दल विचारतील कुणी म्हणून. बाहेरच्या ब्रेसला शिशाचं सोल्डर चालतं, सोल्डरिंगच्या आचेला शिशाची वाफ होत नाही म्हणण्याइतकी कमी असते, धोका आहे तो घासलेल्या भुकटीचा आणि हात न धुता खाण्याचा. पण मुखाकडची नळी, मुखपीस बसतं तो भाग, आणि शाळेच्या बँडमधल्या मुलांची वाद्यं, इथे मी बिनशिशाचंच वापरतो, कथील-चांदी किंवा कथील-तांबं. ते २२० ते २२७ अंशांना वितळतं, जरा जास्त आच लागते आणि वाहायला थोडं आळशी असतं, एवढाच फरक.

तर दादा, परवा वरात आहे म्हणालात. तोपर्यंत गोंदाचा एक थेंब लावू नका. सुटलेल्या टोकाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा, ब्रेस आणि नळी मिळून सुती पट्टीने घट्ट आवळा, प्लॅस्टिकची चिकटपट्टी नको, तिचा चिकटा राहतो. ब्रेस सुटल्याने हवा गळत नाही, वाद्य वाजेल, फक्त बेलला धरून उचलू नका, खालच्या वळणाला हात घालून उचला आणि टेम्पोत बेल वर करून मांडीवर धरा. चिरेवर आतून काही लावू नका, तशीच राहू द्या, काठाची आहे, आवाजाला त्रास नाही. वरात झाली की काकांकडे जा, जाताना पिस्टन आणि स्लाइड घरीच काढून ठेवा, आणि तो ब्रेस बिनदाबाचा टेकतोय का हे काकांच्या समोर दाखवून मगच आच लावू द्या.